पोराच्या हाडात गाठ निघालीय, कॅन्सर तर नाही ना?

मागच्या महिन्यात याच सदरात वाढत्या वयातल्या मुलांच्या पायदुखीवर लिहिलं होतं, आणि त्यात जाता जाता एक ओळ टाकली होती की दुखणं एकाच पायात, एकाच जागी असेल आणि पोराला रात्री झोपेतून उठवत असेल तर गप एक्सरे काढून घ्या. त्या एका ओळीवर इतकी पत्रं, मेल आणि रिपोर्टचे फोटो आलेत की विचारू नका. त्यातली बरीचशी कूर्चेच्या (हाडाच्या टोकाचा लवचीक भाग, कार्टिलेज) साध्या गाठींबद्दल आहेत, म्हणजे कॅन्सर नसलेल्या, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यांनाच देतोय. नावं काढलीत, गावं ठेवलीत.

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी १२ वर्षांची आहे. अंघोळ घालताना तिच्या मांडीला, गुडघ्याच्या जरा वर आतल्या बाजूला टणक गाठ हाताला लागली. दुखत नाही काही नाही, पळते खेळते. इथल्या डॉक्टरांनी एक्सरे काढून ऑस्टिओकॉन्ड्रोमा आहे असं सांगितलं आणि बायोप्सी करून घ्या म्हणाले. सासूबाई म्हणतात गावात एकजण तेल लावून गाठी बसवतो त्याच्याकडे नेऊ. तिच्या वडिलांनाही लहानपणापासून मनगटाजवळ आणि खांद्याच्या मागच्या पात्यावर अशाच गाठी आहेत पण त्यांनी कधी दाखवलं नाही. कॅन्सर असेल का? – एक आई, बारामती

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे मालिशवाल्याकडे नेऊ नका. ही गाठ हाडाचीच आहे, ती चोळून बसणार नाही, उलट देठावर जोर पडला तर देठ मोडतो आणि मग जी गाठ दुखत नव्हती ती दुखायला लागते.

ऑस्टिओकॉन्ड्रोमा ही हाडाची सगळ्यात जास्त आढळणारी साधी गाठ. हाड लांबीला वाढतं ते टोकाजवळच्या ग्रोथ प्लेटमधून, त्या प्लेटचा एखादा तुकडा बाजूला सरकतो आणि तिरका वाढायला लागतो, मग हाडाचा देठ आणि वर कूर्चेची टोपी अशी अळंबीसारखी वस्तू तयार होते. एक्सरेत ओळखायची खूण पक्की आहे. मूळ हाडाचं बाहेरचं कवच सरळ गाठीच्या कवचात जातं, आतला मगजही सलग असतो, आणि गाठीचं टोक बहुतेक वेळा सांध्यापासून लांब रोखलेलं असतं. एवढं स्वच्छ दिसत असेल तर बायोप्सीची गरज नाही, सुई घालून नवीन काही कळणार नाही. हाताला गाठ मोठी लागते आणि एक्सरेत लहान दिसते म्हणून लोक घाबरतात, पण कूर्चेची टोपी साध्या एक्सरेत दिसतच नाही, तिच्यात चुना साठला असेल तरच दिसते.

मुलगी वाढेल तशी गाठही वाढेल, त्यात घाबरण्यासारखं नाही. मुलींमध्ये साधारण १४-१५ ला, मुलांमध्ये १६-१७ च्या आसपास गुडघ्याच्या ग्रोथ प्लेट बंद होतात आणि गाठही थांबते. ऑपरेशन कधी? दुखत असेल, चालताना स्नायूची दोरी अडकून खटकन आवाज येत असेल, पायात मुंग्या येत असतील, पाऊल उचलता येत नसेल, किंवा गुडघ्यामागच्या रक्तवाहिनीला गाठ घासत असेल तर. नुसती दिसते म्हणून १२ व्या वर्षी काढायची घाई करू नका, कारण ती अजून ग्रोथ प्लेटच्या जवळ आहे, आणि टोपीचा थोडा जरी भाग मागे राहिला तर परत येते.

मला तुमच्या पत्रात खरी महत्त्वाची वाटली ती शेवटची दोन वाक्यं. वडिलांना दोन ठिकाणी गाठी आणि मुलीला एक, म्हणजे ही अनेक गाठींची आनुवंशिक तक्रार असू शकते, ईएक्सटी-१ किंवा ईएक्सटी-२ या जनुकांतल्या दोषामुळे होते ती, आणि तशी असेल तर प्रत्येक अपत्यात उतरायची शक्यता निम्मी. तेव्हा मुलीचे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून बघायला सांगा, एक मनगट वाकतंय का, कोपराखालचं एक हाड आखूड राहिलंय का, गुडघे आत वळतायत का, एक पाय लांब एक आखूड आहे का. भावंडं असतील तर त्यांनाही एकदा तपासा.

आणि तुमच्या साहेबांना, म्हणजे मुलीच्या वडिलांना, सांगा की आता त्यांची पाळी आहे. एकट्या गाठीत पुढे कॅन्सर व्हायचं प्रमाण १ टक्क्याच्या आतच धरतात, अनेक गाठी असतील तर त्याहून जास्त, १ ते ५ टक्के असं सहसा सांगितलं जातं, आणि पात्यावरच्या किंवा कमरेच्या हाडावरच्या गाठींवर जास्त लक्ष ठेवतात. वाढ थांबल्यावर गाठ मोठी व्हायला लागली किंवा नव्यानं दुखायला लागली तर एमआरआय करून टोपीची जाडी मोजायची. मोठ्या माणसात ती २ सेंटिमीटरच्या वर गेली तर आम्ही कान टवकारतो. हा आकडा मुलीच्या रिपोर्टला लावू नका मात्र, वाढत्या मुलांमध्ये टोपी एरवीच जाड असते.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा. आठ महिने उजवा गुडघा दुखतोय, सूज येते जाते. आधी खेळताना लागलं असेल म्हणून पट्टी बांधली, मग फिजिओथेरपी झाली, मग एमआरआय केला. त्यात मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला एपिफिसिसमध्ये गाठ, आजूबाजूला भरपूर एडिमा (सूज), सांध्यात पाणी, आणि खाली लिहिलंय की इन्फेक्शन, टीबी किंवा ट्यूमर यांचा विचार करावा. रक्ततपासणीत ईएसआर (शरीरात कुठे सूज आहे का ते सांगणारा आकडा) थोडा वाढलेला आहे. एक डॉक्टर म्हणाले टीबीची औषधं सुरू करू, बरं वाटलं तर टीबीच. दुसरे म्हणाले बायोप्सी. आम्ही गोंधळून गेलोय, कोणाचं ऐकायचं? – एक वडील, अकोला

उत्तर : दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि एमआरआयचा रिपोर्ट तर तीनदा, पण साधा एक्सरे काढला की नाही हे कुठंच सापडलं नाही. आठ महिने दुखतंय, हजारो रुपयांचं मशीन झालं आणि काहीशे रुपयांचा एक्सरे राहून गेला, असं मी हल्ली वारंवार बघतो आणि दरवेळी चिडचिड होते. उद्याच्या उद्या गुडघ्याचे समोरून आणि बाजूने असे दोन एक्सरे काढा.

का म्हणतोय ते सांगतो. हाडाच्या गाठींत निम्मं निदान वय आणि जागा यावरच होतं. तुमच्या मुलाची गाठ ग्रोथ प्लेटच्या पलीकडे, सांध्याला लागून असलेल्या टोकात आहे. त्या टोकाला येणाऱ्या गोष्टी मोजक्याच. ग्रोथ प्लेट अजून उघडी आहे अशा १० ते २० वयाच्या पोरात तिथे गाठ दिसली की आमच्या डोक्यात पहिलं नाव येतं कॉन्ड्रोब्लास्टोमा, म्हणजे कूर्चेचीच एक साधी गाठ, आणि दुसरं इन्फेक्शन, ज्यात आपल्याकडे टीबी धरावाच लागतो. जायंट सेल ट्यूमर ही हाडाच्या टोकालाच येणारी आणखी एक गाठ, पण ती सहसा प्लेट बंद झाल्यावर येते. १६ व्या वर्षी प्लेट उघडी आहे की मिटत आलीय हे सुद्धा एक्सरेच सांगतो.

कॉन्ड्रोब्लास्टोमा असेल तर एक्सरेत बहुतेक गोल किंवा लंबगोल काळा ठिपका दिसतो, साधारण ४ सेंटिमीटरच्या आतला, भोवती बारीक पांढरी कड, आणि काही जणांत आत चुन्याचे बारीक ठिपके. ठिपके नसले म्हणून गाठ बाद होत नाही, बऱ्याच रुग्णांत ते नसतातच. शंका राहिली तर पातळ कापांचा सीटी, त्यात कड आणि चुना दोन्ही एमआरआयपेक्षा छान दिसतात.

आता एडिमाचं. ही गाठ लहान असली तरी भोवती प्रचंड सूज उठवते, तिच्यातून सूज वाढवणारी रसायनं सुटतात, त्यामुळे एमआरआयमध्ये अर्धं हाड पेटल्यासारखं दिसतं, सांध्यात पाणी होतं आणि रिपोर्ट लिहिणारा साहजिकच इन्फेक्शन लिहितो. उलट बाजूने टीबीही सांध्याजवळच्या टोकात बसतो, हळूहळू चढतो, सूज येते जाते. ग्रोथ प्लेट दोघेही ओलांडू शकतात. ईएसआर थोडासा वाढला म्हणून काही ठरत नाही. टीबीकडे झुकायला लावणाऱ्या गोष्टी म्हणजे सांध्याच्या दोन्ही बाजूंची हाडं विरळ झालेली, सांध्यातली फट कमी होत गेलेली, कडा अस्पष्ट, घरात कोणाला टीबी, छातीच्या एक्सरेत काही. यातलं काही आहे का ते बघा.

पण शेवटी तुकडा तपासल्याशिवाय औषधं सुरू करू नका, हे मी स्पष्ट लिहितोय. बरं वाटलं तर टीबी, हा हिशोब हाडात चालत नाही. या गाठीचं दुखणं मुळातच वरखाली होतं, विश्रांती आणि दुखीच्या गोळ्यांनी महिना दोन महिने बरं वाटू शकतं, आणि तोपर्यंत गाठ आतून सांध्याच्या कूर्चेपर्यंत पोचते. आणि खरंच टीबी निघाला तर कोणत्या औषधांना तो दाद देणार नाही हेही नमुन्यातूनच कळतं. म्हणून बायोप्सी करताना आधीच सांगून ठेवा की नमुन्याचे दोन भाग करा, एक पॅथॉलॉजीला फॉर्मलिनमध्ये, दुसरा मायक्रोबायोलॉजीला सलाइनमध्ये, कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि सीबीनॅट या टीबीच्या झटपट तपासणीसाठी. सगळा तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत गेला की कल्चर होत नाही आणि मग पुन्हा सुई. ही चूक इतकी साधी आहे आणि इतकी होते की काय सांगू.

पॅथॉलॉजिस्टला स्लाइडवर गोलसर पेशी दिसतील, केंद्रकांना मधोमध खाच, मधूनमधून मोठ्या जायंट सेल आणि गुलाबी कूर्चेसारखा भाग. जायंट सेल बघून कोणी जायंट सेल ट्यूमर लिहू शकतं. तेव्हा एक खास रंग-तपासणी आहे, एच-३ के-३६ एम नावाची, कॉन्ड्रोब्लास्टोमाच्या बहुतेक रुग्णांत जो जनुकीय बदल असतो तोच ती दाखवते, २०१३ मध्ये हा बदल सापडला. जायंट सेल ट्यूमरची वेगळी तपासणी आहे, जी-३४ डब्ल्यू. प्रत्येक लॅबमध्ये होत नाही, पण ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला नमुना, मोठ्या सेंटरला पाठवता येतो. हा गोंधळ जुनाच आहे बरं का, बॉस्टनचे सर्जन कॉडमन यांनी १९३१ मध्ये खांद्याजवळच्या या गाठींचं वर्णन केलं तेव्हा त्यांनीही तिला जायंट सेल ट्यूमरचाच कूर्चावाला प्रकार म्हटलं होतं, जाफे आणि लिक्टनस्टाइन यांनी १९४२ मध्ये ती वेगळी काढून कॉन्ड्रोब्लास्टोमा असं नाव दिलं.

निघालीच ही गाठ, तर उपचार म्हणजे खरवडून काढणं, पोकळी बर्र नावाच्या फिरत्या हत्याराने नीट साफ करणं आणि हाडाचा भुगा किंवा सिमेंट भरणं. लहान गाठ असेल आणि जागा सोयीची असेल तर काही सेंटरमध्ये सुईने उष्णता देऊन जाळतात. साधारण १० ते २० टक्क्यांत परत येते, म्हणून काही वर्षं एक्सरे काढत राहावे लागतात. फुफ्फुसात जाणं फारच क्वचित, पण छातीचं चित्र एकदा काढून ठेवतात. आणि हो, एक्सरे काढताना मुलाचा खुबाही तपासायला सांगा, मुलांचा खुबा दुखतो तेव्हा पुष्कळदा ते गुडघ्याकडे बोट दाखवतात. तुमच्या मुलाची गाठ गुडघ्यातच दिसलीय, तरी हे इतर पालकांसाठी लिहून ठेवतो.

प्रश्न : बायोप्सी केली की साधी गाठ पण कॅन्सर होते आणि अंगभर पसरते असं सगळे सांगतात. नातवाला सांगितलीय. करू का नको? – एक आजी, मडगाव

उत्तर : आजी, सुई टोचल्यानं साध्या गाठीचा कॅन्सर होत नाही. पण लोकांच्या भीतीत एक खरा धागा आहे तो असा की गाठ जर मुळातच वाईट निघाली तर सुई ज्या वाटेनं गेली ती वाट नंतर गाठीसोबत कापून काढावी लागू शकते, आणि कोणी भलत्याच बाजूने, आडवा चीरा देऊन तुकडा काढला असेल तर मोठं ऑपरेशन अवघड होऊन बसतं. म्हणून बायोप्सी त्यानेच करावी किंवा त्याच्या सांगण्यावरून व्हावी जो पुढचं ऑपरेशन करणार आहे, आणि एक्सरे, एमआरआय हे सगळं आधी काढून झाल्यावर. एवढं विचारून घ्या, आणि मग बिनधास्त करा.

प्रश्न : वय २२, व्हॉलीबॉल खेळतो. बॉल लागून करंगळीचं हाड मोडलं, एक्सरेत कळलं की हाड आतून पोकळ होतं, एन्कॉन्ड्रोमा. हाड जुळल्यावर खरवडून ग्राफ्ट घातला. आता पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये लिहिलंय की पेशी जास्त आहेत, लो ग्रेड कॉन्ड्रोसार्कोमा (कूर्चेचा हळू वाढणारा कॅन्सर) नाकारता येत नाही. झोप उडालीय सर. – कोल्हापूर

उत्तर : झोप घे आधी. एन्कॉन्ड्रोमा म्हणजे हाडाच्या आत वाढणारी कूर्चेची साधी गाठ, हाताच्या लहान हाडांत सगळ्यात जास्त दिसणारी, आणि बॉल लागून किंवा दारात बोट सापडून हाड मोडल्यावरच ती बहुतेकांना कळते. तुझ्या डॉक्टरांनी आधी हाड जुळू दिलं आणि मग खरवडलं, हा नेहमीचाच क्रम आहे.

आता रिपोर्ट. बोटाच्या हाडातल्या साध्या एन्कॉन्ड्रोमात पेशी दाटच असतात, केंद्रकं थोडी वेडीवाकडी असतात, आणि ते तिथे चालतं. हीच स्लाइड कोणी मांडीच्या हाडातली म्हणून दिली असती तर माझ्याही पोटात गोळा आला असता. म्हणजे कूर्चेच्या गाठीची स्लाइड एक्सरेशिवाय वाचायचीच नाही, आणि तुझ्या बाबतीत पॅथॉलॉजिस्टला फॉर्मवर नुसतं हाडाचा तुकडा असं लिहून गेलं असण्याची दाट शक्यता आहे. वर आणि मोडलेलं हाड जुळताना जी नवी कूर्चा तयार होते ती पण नमुन्यात आली असेल, ती तर अजून गोंधळ घालते.

तेव्हा स्लाइड, ब्लॉक, मोडल्या दिवसाचा एक्सरे आणि ऑपरेशनआधीचा एक्सरे घेऊन हाडाच्या ट्यूमरचं काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखव. ते बघतील की हाडाचं कवच फ्रॅक्चर सोडून आणखी कुठं फुटलंय का, आणि गाठ बाहेर मांसात आलीय का. नसेल तर साधीच. आयडीएच जनुकाची तपासणी कर म्हणून कोणी सांगितलं तर त्यानं हा प्रश्न सुटत नाही, तो बदल साध्या एन्कॉन्ड्रोमातही असतो आणि कॉन्ड्रोसार्कोमातही. दुसऱ्या बोटांत किंवा पायात अशाच गाठी आहेत का ते मात्र बघून घे. अनेक असतील, बहुतेकदा शरीराच्या एकाच बाजूला, तर तो ओलिए आजार, सोबत त्वचेखाली निळसर रक्तवाहिन्यांच्या गाठी असतील तर माफुची, आणि त्या दोन्हीत कॅन्सरचा धोका खरंच जास्त असतो, आयुष्यभर तपासत राहावं लागतं. एकटी करंगळी असेल तर यातलं काही तुझ्यासाठी नाही.

प्रश्न : कॅल्शियमच्या गोळ्या आणि दूध बंद केलं तर गाठ वाढायची थांबेल का? – परभणी

उत्तर : नाही. दूध पिऊ द्या पोराला.

प्रश्न : मी तालुक्याच्या ठिकाणी जनरल प्रॅक्टिस करतो. माझ्याकडे एक्सरेशिवाय काही नाही. गुडघ्याची गाठ किंवा दुखणं घेऊन येणाऱ्या मुलांतली कोणती लगेच पुढे पाठवायची आणि कोणती थांबवून बघायची? – एक डॉक्टर, सातारा जिल्हा

उत्तर : सर, एक्सरे आहे म्हणजे तुमच्याकडे मुख्य गोष्ट आहे. भीती एकाच गोष्टीची, ती म्हणजे ऑस्टिओसार्कोमा, हाडाचा कॅन्सर, कारण तो याच वयात, याच गुडघ्याभोवती येतो, आणि त्याची पहिली तक्रारही खेळताना लागलं हीच असते. कडा अस्पष्ट, हाडावरचं आवरण उचललेलं किंवा किरणांसारखं पसरलेलं, बाहेर मांसात सावली, आठवड्यागणिक वाढणारी सूज, रात्रीचं दुखणं, यातलं एक जरी असलं तर त्याच दिवशी पाठवा, सुई लावू नका, चीरा तर नकोच. रक्तातल्या अल्कलाइन फॉस्फटेजवर विसंबू नका, वाढत्या मुलांत तो एरवीच वाढलेला असतो.

देठवाली, सलग कवचाची, न दुखणारी गाठ तुम्ही स्वतः सांभाळू शकता, सहा महिन्यांनी एक्सरे आणि उंची-लांबीची तपासणी. बोटातली न दुखणारी पोकळी, तसंच. सांध्याच्या टोकातला काळा ठिपका, म्हणजे अकोल्याच्या मुलासारखा, आठवड्याभरात पाठवा. नडगीच्या हाडाच्या वरच्या भागात, एका कडेला, शिंपल्यासारख्या कडांचा काळा भाग दिसला तर तो कॉन्ड्रोमिक्सॉइड फायब्रोमा असू शकतो, कूर्चेच्या साध्या गाठींतला सगळ्यात दुर्मीळ, आणि स्लाइडवर कॉन्ड्रोसार्कोमा वाटू शकणारा, म्हणून तोही ट्यूमरची टीम असलेल्या ठिकाणीच जाऊ दे. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये हाडांच्या गाठींसाठी वेगळी टीम आहे, तिथे सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात.

पाठवताना नुसता रिपोर्ट नको, फिल्म द्या, आणि पहिला एक्सरे कितीही जुना असला तरी सोबत द्या. फोनवरून पाठवायचा झाला तर व्ह्यूबॉक्सवर लावून, फ्लॅश बंद करून, सरळ समोरून फोटो काढा, आणि रुग्णाचं नाव झाकून वय आणि बाजू तेवढी दिसू द्या.